गोणीच्या तळाची बी

मार्च उजाडला की आमच्या खळ्यात पाय ठेवायला जागा राहत नाही. वेंगुर्ल्याहून शिरोड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून पुतण्याचा काजूचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, एक बॉयलर, बारा कटर, एक ड्रायर आणि सोलायला-निवडायला बसणाऱ्या पंधरा-सोळा बायका. मी ३१ वर्षं बँकेत, त्यातली बरीचशी कर्जखात्यात, दुसऱ्यांची स्टॉक स्टेटमेंटं तपासत काढली. निवृत्त होऊन चार महिने झाले नाहीत तोच पुतण्याने वही आणून समोर टाकली. "काका, माल सगळो खपता, मग पैसे खंय जातत?"

वही चांगली होती. बी कितीला घेतली, मजुरी किती, लाकूड किती, गर कितीला विकला, सगळं तारीखवार. फक्त कुठल्या मालातून किती गर निघाला, हे एकाही पानावर नव्हतं. वर्षाला साधारण ३० टन बी हा माणूस घ्यायचा आणि भाव ठरवायचा तो बीच्या किलोवर. दलालाने १६० सांगितले आणि दुसऱ्याने १५० सांगितले की १५० वाला जिंकला.

आता विकायचा असतो गर, बी नव्हे. १५० च्या बीचा उतारा, म्हणजे बीच्या वजनातून निघणारा गर, २४ टक्के पडला तर किलोभर गरात ६२५ रुपयांची बी गेली. १६० च्या बीचा उतारा २८ टक्के असेल तर ५७१ रुपयांची. महागाची बी ५४ रुपयांनी स्वस्त. हे गणित चौथीच्या मुलाला येतं, पुतण्यालाही येत होतं, पण सीझनात रात्री अकराला टेम्पो दारात उभा असताना भागाकार कोण करतो?

तर पहिल्या वर्षी मी जाहीर केलं की उतारा बघितल्याशिवाय माल उतरवायचा नाही. कॉलेजात संख्याशास्त्र घेऊन पदवी मिळवली होती, ती बँकेत लागल्या दिवसापासून ट्रंकेत पडून होती. ती काढली. किलोभर बी घ्यायची, मोजायची, हातकटरने एकेक फोडायची, चांगला गर एकीकडे, डागी आणि पोचट दुसरीकडे, आणि वजन करायचं. व्यापारात उतारा ८० किलोच्या गोणीमागे पौंडात सांगतात. किलोभर बीतून २८० ग्रॅम गर निघाला तर गोणीला साधारण ४९ पौंड. आम्ही टक्क्यांतच बोलतो. टरफलातला चीक लागला की कातडी जाते, म्हणून आधी हाताला खोबरेल चोपडायचं. मी ते पहिल्या दिवशी विसरलो आणि आठवडाभर लोकांना करंगळी दाखवत फिरलो.

मग आला चार टनांचा एक माल, ५० गोण्या. मी पाच गोण्यांची तोंडं उघडली, हात घातला, बी फोडली. उतारा २८. छान. घेतला. मे महिन्यात तो माल फोडून झाला तेव्हा हिशेबात उतारा आला साडेपंचवीस. चार टनांत १०० किलो गर कमी. पुतण्या काही बोलला नाही, हेच जास्त लागलं. बोलल्या त्या वहिनी: "भावजी, तुमचो कागद गोणयेच्या तोंडाकच थांबलो."

मी दलालावर चिडलो होतो. वर चांगली बी, खाली भुसा, अशी माझी खात्री. नंतर लक्षात आलं की बिचाऱ्याचा दोष असेलच असं नाही. चिवड्याच्या डब्यात चुरा तळाला का जातो? हादऱ्याने. बारीक वस्तू फटींतून खाली सरकते आणि मोठी वर राहते. घाटातून, खड्ड्यांतून टेम्पोत हादरत आलेल्या गोणीत बारकी, पोचट बी तळाला आणि टपोरी वर, हे कुणी न करताही होतं. त्यात माझा हात. मूठ भरताना बोटं आपोआप मोठ्या बीवर जातात. कुणीही करून बघावं, फरशीवर बी पसरा आणि न बघता दहा उचला.

या जागी मला सुखात्मे आठवले. संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. देशातल्या पिकांचा अंदाज काढायला शेतात ठरावीक मापाचा तुकडा आखून तेवढंच कापून मोजायचे. सुखात्म्यांनी १९४६ साली दाखवलं की तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न फुगून दिसतं, कारण कडेवरचं रोप आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न आला की मोजणारा ते आत धरतो. लहान तुकड्याला क्षेत्रफळाच्या मानाने कड जास्त, म्हणून चूकही जास्त. मोजणारा लबाड नसतो, त्याच्या हाताला भरलेलं रोप आवडतं, इतकंच. कॉलेजात हे मी पाठ करून लिहिलं होतं आणि पूर्ण मार्क मिळवले होते.

दुसऱ्या वर्षापासून पद्धत बदलली. गोण्यांवर खडूने आकडे. वहिनींच्या बांगड्यांच्या डब्यात तेवढ्याच चिठ्ठ्या. दहा निघतील त्या दहा गोण्या फरशीवर पूर्ण ओतायच्या, प्रत्येकीचा वेगळा ढीग करायचा, ढिगाचे चार भाग, समोरासमोरचे दोन ठेवायचे, बाकीचे परत गोणीत. उरलेल्याचा पुन्हा ढीग, पुन्हा चार भाग, किलोभर उरेपर्यंत. दलाल हसतात. "गोणयेत हात घालूक काय आता लॉटरी लागता?" हसू देत. टेम्पोवाला मात्र खरंच वैतागतो, त्याला चहा द्यावा लागतो, आणि तो खर्च मी वहीत लिहितो.

दहाच का, पाच का नाहीत, हा पुतण्याचा प्रश्न रास्त होता. आमच्याकडच्या मालात गोणीगोणीतला उताऱ्याचा फरक, म्हणजे प्रमाण विचलन, दोन टक्क्यांच्या आसपास येतं. पाच गोण्या तपासून सरासरी २७ आली, तर पंचाण्णव टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की खरा उतारा साडेचोवीस ते साडेएकोणतीसच्या मध्ये कुठेतरी आहे. १६० च्या भावाने गराची किंमत ६५३ पासून ५४२ पर्यंत काहीही. याला अंदाज म्हणत नाहीत, याला मटका म्हणतात. दहा गोण्या घेतल्या की पट्टा २५.६ ते २८.४ असा आवळतो. हा पट्टा ज्यावरून काढतात ते कोष्टक डब्लिनच्या गिनेस कंपनीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेटच्या कामातून आलेलं. त्याने १९०८ साली 'स्टुडंट' या टोपणनावाने निबंध छापला. त्याच्याही हातात थोडेच नमुने असायचे, हजार वेळा प्रयोग करायची सोय नव्हती. थोड्या नमुन्यांवर नेहमीचं सूत्र लावलं की आपण फाजील खात्री बाळगतो, हे त्याचं म्हणणं. पाच गोण्यांना नेहमीचा १.९६ चा गुणक लावला असता तर मला पट्टा सरासरीच्या दोन्ही बाजूंना पावणेदोन टक्क्यांचा दिसला असता, खरा अडीचचा असताना.

ओलाव्याचं थोडक्यात. १४ टक्के ओलाव्याची टनभर बी खळ्यात वाळवून ९ टक्क्यांवर आणली की ९४५ किलो उरते. ५५ किलो पाणी, १५० च्या भावाने सव्वाआठ हजारांचं. वहिनी बी ओंजळीत घेऊन हलवतात आणि आवाजावरून सांगतात. मी मीटर आणला. आतापर्यंत दोघांचं फारसं भांडण झालेलं नाही, वळवाचा पाऊस लागलेल्या बीचा अपवाद सोडला तर. तिथे मीटर फसतो, वहिनी नाही.

आता पैशाचं, म्हणजे माझ्या खऱ्या प्रांतातलं. काजूची बी येते अडीच-तीन महिने आणि फोडायची वर्षभर. ३० टन, १६० ने, ४८ लाख. बँकेची सीसी, म्हणजे मालाच्या तारणावरचं कॅश क्रेडिट कर्ज, ११ टक्क्यांनी. २५ टक्के मार्जिन, म्हणजे आपला वाटा, गेल्यावर ड्रॉइंग पॉवर, म्हणजे उचलता येणारी रक्कम, ३६ लाखांची, बाकीचे १२ लाख घरचे. घरच्या पैशाला व्याज नाही, असं पुतण्या धरून चालला होता. ही चूक मी ३१ वर्षं समोरच्या खुर्चीतल्या माणसाची पाहिली, घरात पाहायची बाकी होती. सगळ्यालाच ११ टक्के लावले आणि साठा महिन्याला अडीच टनांनी उतरतो असं धरलं, तर वर्षाचं व्याज २ लाख ६४ हजार. ८,१०० किलो गरावर पसरलं की किलोला साडेबत्तीस. पण पसरवायचं कशाला? एप्रिलात फोडलेल्या बीने व्याज जवळजवळ खाल्लेलंच नसतं, पुढच्या फेब्रुवारी-मार्चला फोडलेल्या बीने किलो गरामागे पंचावन्न-साठ रुपये खाल्लेले असतात. एकाच वखारीतला माल, पण किंमत एक नाही.

म्हणून "दिवाळीपर्यंत थांबलो की चाळीस रुपये जास्त सुटतत" या वाक्यासमोर मी एक आकडा लिहून ठेवला: एप्रिल ते ऑक्टोबर, किलोमागे ३३. उरले सात. त्यात कीड लागणं आलं, पावसातली बुरशी आली. दिवाळीच्या खोक्यांपुरता अख्खा टपोरा गर थांबवायचा, पाकळी (दुभंगलेला गर) आणि तुकडा निघाला की आठवड्यात विकून टाकायचा, आणि डागी-ओलसर माल सगळ्यात आधी फोडायचा. यापलीकडे कसलंही शास्त्र मी तिथे लावत नाही.

किती माल एका वेळी मागवावा याचं १९१३ सालचं फोर्ड हॅरिस या अमेरिकन इंजिनियरचं वर्गमुळाचं सूत्र बीला लागू पडत नाही, कारण झाडं आपल्या ऑर्डरीवर फळत नाहीत. छापील पिशव्यांना मात्र पडतं. वर्षाला ८,००० पिशव्या, दर खेपेचा खर्च ९००, पिशवी वर्षभर सांभाळायला रुपया. उत्तर येतं ३,८०० च्या आसपास. पुतण्याने स्वस्त पडल्या म्हणून १०,००० आणल्या होत्या, आणि मध्येच फोन नंबर बदलला. वहिनी त्यात अजून सुक्या मिरच्या भरतात.

सगळ्यात कमी खर्चाचं काम निघालं ते एका फळ्याचं. अख्खा गर आणि पाकळी यांत आमच्याकडे किलोला १२० रुपयांचा फरक पडतो. रोज संध्याकाळी फळ्यावर एक टिंब, आज किती टक्के फुटला. सरासरी १४ होती, मध्येच १९-२० वर उडी. वहिनींचं बोट नव्या मुलीकडे. "तिचो हात बसाक नाय अजून." मुलगी तीन महिन्यांपूर्वी कटरवर बसलेली, गप्प स्वभावाची. मी पंधरा दिवस प्रत्येक कटरचा घमेला वेगळा तोलायला लावला. त्या मुलीचा आकडा बाकीच्या अकराजणींच्या मधोमध. उड्या होत्या त्या आठवडा बाजाराच्या दुसऱ्या दिवशीच्या, आणि सगळ्या कटरवर सारख्याच. बाजाराच्या दिवशी सगळ्यांना लवकर जायचं असतं, म्हणून फोडणी आधी उरकायची आणि बी वाफवायला टाकायची ती अगदी शेवटी. सकाळी सात वाजता ती बी आतून कोमटच. कोमट बीचा गर टरफल सोडत नाही, कटरच्या पात्याखाली दुभंगतो. त्या दिवशी कटर दहाला सुरू करायचे, एवढाच बदल केला. सरासरी १४ वरून १० वर आली. वर्षाला ३२४ किलो पाकळीऐवजी अख्खा, ३९ हजारांच्या आत-बाहेर.

वहिनींनी फळा नीट पाहिला, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "बरा झाला, मी तिका काय बोलूक नाय ता." बोलल्या होत्या की नाही ते त्यांना आणि त्या मुलीला माहीत.

वहीत एक रकाना मी पुतण्याच्या हट्टाने ठेवलाय. पलीकडच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्या बाईंची सहाशे-सातशे किलो बी, जुन्या गावठी झाडांची, बारकी. तिचा ढीग करायचा नाही, चिठ्ठ्या काढायच्या नाहीत, त्या सांगतील तो भाव. रकान्याचं नाव 'शेजार'. गेल्या वर्षी तो तीन हजारांनी तोट्यात होता. यंदा त्यांनी बीसोबत फणसाच्या साठांची चळत पाठवली. ती कुठल्या खात्यावर टाकू, असं मी पुतण्याला विचारलं, तर तोवर अर्धी संपलेली होती.