दिवेलागणीला कॅमेरे बंद

बेळगावच्या उद्यमबागेत आमचं मशीन शॉप आहे. आमचं म्हणजे मालकांचं. मी हिशेब बघतो, आणि कॉम्प्युटरचं काही दुखलं-खुपलं की तेही माझ्याच गळ्यात. पावसाळ्यात नवंच सुरू झालं: अंधार पडला की मागच्या गेटचे कॅमेरे बंद, उजाडलं की आपोआप चालू. कॅमेरेवाला म्हणाला कॅमेरे बदला. इंटरनेटवाल्यानं राउटरवर ढकललं.

खरं कारण नेटवर्कच्या स्विचमध्ये होतं, म्हणजे कॅमेरे-कॉम्प्युटरच्या सगळ्या केबली जिथं येऊन जोडतात त्या डब्यात. आमचे कॅमेरे पीओईवर, म्हणजे वीजही नेटवर्कच्या केबलमधूनच घेतात. अंधारात कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड एलईडी पेटतात आणि त्याला जास्त वीज लागते. दिवसा जेमतेम पुरणारा स्विच रात्री कमी पडतो. बंद करून, वायर काढून खोलला, तर आत शेजारच्या फाउंड्रीची काळी पूड आणि वीजपुरवठ्याच्या बोर्डावर डोकं फुगलेले दोन कपॅसिटर. दिवे मात्र सगळे हिरवे! स्विच म्हातारा झाला तरी सांगत नाही, हाच त्याचा त्रास.

मालक म्हणाले, “चालतंय की अजून. कशाला बदलायचं?”

त्यांना पटवायला फाइल कॉपी करून दाखवली. स्टोअरच्या कॉम्प्युटरवरून सर्व्हरवर मोठी ड्रॉइंगची फाइल टाकली, तर वेग सेकंदाला ११ एमबीच्या वर जाईना. आमचा स्विच १०० एमबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट; आठ बिटांचा एक बाइट धरला की गणितानं साडेबारा एमबी, प्रत्यक्षात एवढंच. गिगाबिटवर, म्हणजे १००० एमबीपीएसच्या स्विचवर, हाच आकडा शंभरच्या पुढं जातो. टॅली अडकते म्हणून आम्ही उगाच इंटरनेटचा प्लॅन वाढवत बसलो होतो. ऑफिसातल्या ऑफिसात फिरणाऱ्या फाइलला त्याचा काय उपयोग?

नवा घेताना दुकानदार पोर्ट मोजून दाखवतो. आपण वॅट विचारायचे. पीओईच्या ८०२.३एएफ प्रकारात एका पोर्टला १५.४ वॅटपर्यंत मिळतात, ८०२.३एटीमध्ये ३०. पण सगळ्या पोर्टांना मिळून किती, तो आकडा वेगळा असतो आणि खोक्यावर बारीक अक्षरात असतो. आठ पोर्टांचा स्विच एकूण ६० वॅटचा असेल, तर प्रत्येक पोर्टला १५ कुठून येणार? कॅमेऱ्यांच्या लेबलवरचे रात्रीचे वॅट जोडले, वर थोडी सवड धरली आणि मग मॉडेल ठरवलं. मॅनेज्ड घेतला, म्हणजे आतली सेटिंग बदलता येणारा; त्यामुळं व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचवर वेगळी नेटवर्कं, करून कॅमेरे एका बाजूला, हिशेबाची कॉम्प्युटरं दुसऱ्या बाजूला ठेवता आली. पंखा नसलेलाच मागितला. आमच्याकडे पंखा म्हणजे पूड आत ओढायचं यंत्र.

सुट्टीच्या दिवशी बसवला. आधी जुन्याचा फोटो, मग प्रत्येक केबलला चिठ्ठी. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतलं, वळवाच्या विजा आठवून.

सगळं सुरू झालं, पण स्टोअरचं कॉम्प्युटर १०० वरच अडलेलं. केबल चांगली, गिगाबिटला चालणारी कॅट ५ई होती. भिंतीवरची पेटी उघडली तर कुणीतरी एकाच केबलमधल्या तारांच्या चार जोड्या दोघांत वाटल्या होत्या: दोन कॉम्प्युटरला, दोन हजेरीच्या मशीनला. १०० ला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. जुन्या स्विचवर हे कधी कळलंच नसतं.

आता तिथं दुसरी केबल ओढायची आहे, पत्र्याखालून, क्रेनच्या वाटेत न येता. “गणपती होऊ देत, मग बघू,” म्हणालेत मालक.