बर्डीची टेकडी आणि जुम्मा दरवाजा

माझे बालपण नागपूरच्या महाल भागात गेले आणि ‘बर्डीला जाऊन येतो’ हे वाक्य आमच्या घरात रोज ऐकू येई. तरीही सीताबर्डीचा किल्ला मी आतून पाहिला तो परवाच्या २६ जानेवारीला, चाळिशी उलटल्यावर. किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्याने तो वर्षातील मोजक्याच दिवशी लोकांसाठी उघडतो.

आदल्या रविवारी लेकीला घेऊन अजब बंगल्यातील, म्हणजे नागपूरच्या वस्तुसंग्रहालयातील, शस्त्रदालन पाहिले होते. तोड्याच्या बंदुकीची गंमत तिला तेथेच समजावली: सुताची पेटती वात रंजकाला, म्हणजे कानाजवळच्या चिमूटभर दारूला, टेकवायची, की आतला बार उडतो, वात विझली तर हाती उरते ती नुसती काठी. २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसले यांच्या चाकरीतील अरब सैनिक अशाच बंदुका घेऊन इंग्रजांनी धरलेल्या या टेकडीला भिडले, तेव्हा अंधारात त्या वातींचे ठिपके वरून कसे दिसले असतील, हा विचार चढण चढताना माझ्या मनातून जाईना.

“बाबा, हा किल्ला आपला होता ना?” दगडी तटातील जंग्यांमधून, म्हणजे बंदुकीसाठी ठेवलेल्या भोकांमधून, डोकावत लेकीने विचारले. मीही लहानपणी तसेच समजत असे. वास्तविक लढाईच्या वेळी येथे किल्ला नव्हताच. होत्या त्या दोन उघड्या टेकड्या, उत्तरेची छोटी आणि दक्षिणेची मोठी. तट इंग्रजांनी नंतर बांधला. ईस्ट इंडिया कंपनीचा नागपूर दरबारातील प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, जेन्किन्स आणि लेफ्टनंट कर्नल स्कॉट यांच्याकडे सुमारे चौदाशे माणसे होती. भोसल्यांची फौज अठरा हजारांच्या घरात होती. दुसऱ्या दिवशी सकाळी अरबांनी छोटी टेकडी घेतली, तेथील तोफ मोठ्या टेकडीकडे वळवली, आणि पारडे जवळजवळ फिरले. मात्र कॅप्टन फिट्झजेराल्डने परवानगीसाठी वारंवार विनवून अखेर स्वतःच्या जबाबदारीवर बंगाल रिसाल्याचे घोडेस्वार मैदानात घातले. पुढे दारूगोळ्याच्या स्फोटाने उडालेल्या गोंधळात छोटी टेकडीही इंग्रजांनी परत घेतली. कंपनीचे ३६७ लोक मारले गेले किंवा जखमी झाले.

मला सर्वाधिक अस्वस्थ करते ती मद्रासच्या २४ व्या पलटणीची गोष्ट. हीच पूर्वी पहिली पलटण होती. १८०६ मध्ये वेल्लोरला कंपनीच्या शिपायांनी केलेल्या उठावानंतर तिचा क्रमांक काढून घेण्यात आला होता. सीताबर्डीच्या पराक्रमाबद्दल या शिपायांनी आपला जुना क्रमांक परत मागितला आणि तो त्यांना मिळाला. कंपनीविरुद्ध उठल्याचा डाग कंपनीसाठीच रक्त सांडून धुवावा लागला, आणि तेही आमच्या गावच्या राजाशी लढून! या माणसांचा राग करावा की त्यांच्यासाठी हळहळावे, हे मला अजून ठरवता आलेले नाही. आमच्या बाजूने पडलेल्या अरबांची तर नावेही आम्हांला ठाऊक नाहीत.

१६ डिसेंबरला भोसल्यांच्या फौजेचा पुन्हा पराभव झाला, तरी शहरातील अरब हटले नाहीत. २४ डिसेंबरला कंपनीच्या जनरल डव्हटनच्या सैन्याने जुम्मा दरवाजावर चढवलेला हल्ला त्यांनी परतवला आणि ३० तारखेला अटी ठरवूनच शहर सोडले. तो दरवाजा म्हणजे आजचे गांधी गेट. मी त्याखालून रोज शाळेत जात असे.

परतताना लेकीने स्कूटर तेथे थांबवायला लावली. ती उतरली, तोड्याची बंदूक खांद्याला लावल्यासारखे हात धरून कमानीत उभी राहिली आणि बर्डीच्या दिशेला बराच वेळ पाहत राहिली.