शंभर ठिपके

दुपारी जेवणं आटपून लॅपटॉप घेऊन बसले होते, काळी खिडकी उघडलेली, त्यात पांढरी अक्षरं, आणि शेजारच्या वहिनी विरजण मागायला आल्या त्या माझ्या मागे उभ्या राहून म्हणाल्या, "अगं हे काय, कोणाची बँक फोडतेयस?" म्हटलं, नाही हो, सोसायटीच्या रंगाचा हिशेब करतेय, कोणाच्या वाट्याला किती येतात ते. त्यांना काही पटलं नाही. मोबाइलमध्ये कॅलक्युलेटर असतो की, म्हणाल्या. असतो. पण मला तो आवडत नाही, पुढचा आकडा दाबला की मागचा गायब, मग आपण नक्की काय दाबलं होतं ते देवाला ठाऊक. टर्मिनलवर, म्हणजे या काळ्या खिडकीत, टाइप केलेलं सगळं वर तसंच दिसत राहतं, वरचा बाण दाबला की मागची ओळ परत हजर, त्यात एक आकडा बदला, एंटर मारा, झालं.

माझा रोजचा म्हणजे बीसी. सत्तरच्या दशकातला, युनिक्स या संगणकप्रणालीवरचा हिशेबाचा प्रोग्राम, अजून तसाच खणखणीत. त्याला नुसतं सात भागिले दोन विचारलंत तर बेधडक ३ म्हणतो. किती दशांश हवेत ते आधी सांगायचं, नाही सांगितलं तर तो देणार नाही, सरळ कारभार आहे. दोन दशांश सांगून दोन भागिले तीन विचारा, .६६ देईल. .६७ नाही. उरलेलं छाटून टाकतो, आणि पुढचं शून्यसुद्धा लिहीत नाही. आमच्या सोसायटीत नेमकं उलट, पैसे दिसले की वरचा रुपया पूर्ण.

बीजगणित करायचं असेल तर मॅक्सिमा. एमआयटीमध्ये १९६८ साली सुरू झालेल्या मॅकसिमा (Macsyma) नावाच्या प्रोग्रामचं हे वंशज. ओळीच्या शेवटी अर्धविराम दिला नाही तर काही बोलतच नाही, तुम्ही बघताय, तो बघतोय. क्ष वर्ग वजा पाच क्ष अधिक सहा बरोबर शून्य, सोडव म्हटलं की ३ आणि २ असं तोंडावर फेकतो. पायऱ्या नाहीत. शाळेतल्या बाईंनी अशा उत्तराला अर्धा मार्क दिला असता, तोही उपकार म्हणून.

पण खरी गंमत आलेखांची. ग्नूप्लॉट नावाचं एक आहे, १९८६ पासूनचं, त्याला सांगितलं तर चित्राची वेगळी खिडकी न उघडता टर्मिनलमध्येच फुल्याफुल्यांनी वक्र काढून देतं. तो फुल्यांचा पॅराबोला बघितला आणि मी रंगाचा हिशेब सोडून थेट गिरगावातल्या चाळीत.

तेव्हा आलेख कागद सुटा मिळायचा, स्टेशनरीवाला मोजून द्यायचा, आणि एक कागद फुकट गेला की घरी बोलणी. गॅलरीत पालथं पडून मी आणि दादा. उजव्या कोपऱ्यात प्रमाण, मग क्ष वर्गाचं टेबल, उणे तीनला नऊ, उणे दोनला चार, एक, शून्य, आणि परत तसंच वर. सात ठिपके. इथपर्यंत कोणालाही जमतं. मग ते जोडायचे. हाताने जोडले की खाली टोक यायचं, पॅराबोला कसला, बोरीबंदरच्या छपरासारखं उलटं काहीतरी. फुटपट्टीने जोडलं तर बाई कागदच परत करायच्या. यावर दादाने शोध लावला होता खराट्याच्या हिरीचा. जुनी हीर वाकवली की कडकन मोडते, म्हणून घरात नवा खराटा आला की आधी त्यातली एक लंपास करायची आणि गादीखाली सपाट ठेवायची. दादा दोन्ही टोकं अंगठ्यांनी दाबून तिला ठिपक्यांवर वाकवणार, मी श्वास रोखून तिच्या कडेने पेन्सिल फिरवणार, आणि मध्येच आई ओरडणार की खराटा पातळ का होतोय. हीर कुठेच टोक येऊ देत नाही, दोन ठिपक्यांच्या मध्ये ती आपल्या मनाने गोल जाते. पुढे कळलं की जहाजं बांधणारेसुद्धा लाकडाच्या लवचिक पट्ट्या अशाच वाकवून वक्र आखायचे. दादाला हे कोणी सांगितलं नव्हतं. त्याला मार्क हवे होते.

तर ग्नूप्लॉट हीर वापरत नाही. तुम्ही काही सांगितलं नाहीत तर ते उणे दहापासून दहापर्यंत शंभर ठिपके काढतं आणि सरळ रेघांनी जोडून मोकळं होतं, आमच्या बाईंनी परत केलं असतं तेच. ठिपके इतके जवळ की आपल्याला ते गोल वाटतं, एवढंच. मी मुद्दाम त्याला साइन ३१ क्ष काढायला सांगितलं. त्या अंतरात या फंक्शनच्या ९८ च्या वर लाटा बसतात. आणि स्क्रीनवर काय आलं, तर डावीकडून उजवीकडे हळूहळू चढत जाणारी एकच शांत रेघ! एक लाटसुद्धा पूर्ण नाही. कारण प्रत्येक ठिपका जवळजवळ एक अख्खी लाट सोडून पडतो. फास्ट लोकलमध्ये झोपून कुर्ला, घाटकोपर, ठाणे एवढीच स्टेशनं बघणाऱ्याने मधे काही वस्तीच नाही म्हणावं, तसं. ठिपके हजार करा म्हटल्यावर स्क्रीन लाटांनी गच्च भरला.

मग मॅट्रिक्सकडे, म्हणजे आकड्यांच्या चौकटींकडे, वळले, दुपार गेलीच होती. त्यासाठी ऑक्टेव्ह नावाचा प्रोग्राम आहे, त्यात एक ते नऊ आकडे तीन ओळींत मांडले आणि निश्चयक, म्हणजे त्या चौकटीवरून निघणारा एक आकडा, विचारला. पहिली आणि तिसरी ओळ मिळवली की दुसरीची दुप्पट होते, म्हणजे उत्तर शून्य, यात कागदसुद्धा लागत नाही. ऑक्टेव्हने दिलं शून्याच्या जरासं बाजूला काहीतरी, दशांशानंतर पंधरा शून्यं आणि मग सहासष्ट वगैरे. त्यात या ऑक्टेव्हचा संगीतातल्या सप्तकाशी काही संबंध नाही, ज्याने तो लिहिला त्याच्या केमिकल इंजिनिअरिंगच्या प्राध्यापकांचं नाव ते, ऑक्टेव्ह लेव्हनस्पील, आणि हे गृहस्थ प्रसिद्ध कशासाठी, तर पाकिटाच्या पाठीवर झटपट अंदाजाची गणितं करण्यासाठी. त्यांनी हा निश्चयक नुसता बघून सोडून दिला असता.

संध्याकाळी दादाला फोन करून साइन ३१ क्षचं सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, "बाबांच्या शुगरचा आलेख आठवतो?"

आठवतो ना. दादानेच काढला होता, डॉक्टरांना दाखवायला. दर तीन महिन्यांनी लॅबमध्ये उपाशीपोटी एकदा, तेवढेच ठिपके, आणि त्यातही लॅबला जायचं म्हणून आदल्या दिवसापासून बाबांचं गोड बंद, चालणं सुरू. रेघ कशी छान, जवळजवळ आडवी. डॉक्टरही खूश, बाबाही. आणि एका पहाटे घामाने ओलेचिंब सापडले, शुगर इतकी उतरलेली की आम्हाला ओळखत नव्हते. अशा पहाटा आधीही झाल्या असणार. बाबा त्याला ॲसिडिटी म्हणायचे.

आता आईला आहे. मी मशीन आणून ठेवलंय, पट्ट्या आणल्यात, रोज बोट टोच म्हणून मागे लागते. ती म्हणते, परवा बघितली होती की, चांगली होती.