गुलाबी फेसाची शंभरी

सिंगापूरच्या रॅफल्स हॉटेलने २०१५ मध्ये एका गुलाबी पेयाची शंभरी थाटात केली. हॉटेल त्याहून जुनं. सार्कीझ आडनावाच्या आर्मेनियन भावांनी ते १८८७ मध्ये सुरू केलं. इथल्या न्याम तोंग बून या हैनानी बारटेंडरने १९१५ मध्ये ‘सिंगापूर स्लिंग’ पहिल्यांदा बनवलं, असं हॉटेल सांगतं. सोबत गोष्टही आहे: बायकांनी चारचौघांत दारू पिणं तेव्हा शोभत नसे, म्हणून या पठ्ठ्याने फळांच्या रसासारखं दिसणारं पेय काढलं. साहेबाच्या हातात जिन, मडमेच्या हातात सरबत, आणि दोघांचंही विमान सारख्याच उंचीवर. इतकी सोयीची गोष्ट, खरी असो वा नसो, कुठलंच हॉटेल हातची सोडणार नाही.

जन्मतारखेचं मात्र जरा सैलच आहे. सिंगापुरात स्लिंग १९१५ च्या आधीही पीत होते. स्लिंग म्हणजे मुळात दारू, साखर आणि पाणी, एवढंच. अमेरिकेतल्या हडसन गावच्या एका वृत्तपत्राने १८०६ मध्ये कॉकटेल म्हणजे काय हे सांगताना ‘बिटर्स घातलेलं स्लिंग’ अशीच फोड केली होती. बिटर्स म्हणजे साली-मुळ्यांचा कडू अर्क, थेंबाथेंबाने घालायचा. १९२२ मध्ये लंडनमध्ये छापलेली ‘स्ट्रेट्स स्लिंग’ची कृती पाहिली तर तिच्यात जिन, चेरी ब्रँडी, बेनेडिक्टीन नावाची वनौषधींची गोड दारू, लिंबू, बिटर्स आणि वरून सोडा आहे. अननस औषधालाही नाही. आज त्याच घराण्यातल्या ग्लासात अर्ध्याहून जास्त अननस असतो. मुंबईच्या ताजमधल्या हार्बर बारने ही भानगडच ठेवली नाही. तिथल्या खास कॉकटेलचं नावच ‘फ्रॉम द हार्बर सिन्स १९३३’, म्हणजे जन्मदाखला नावातच शिवलेला.

शंभरीसाठी रॅफल्सने लंडनच्या सिपस्मिथ या जिन गाळणाऱ्या कंपनीकडून खास जिन काढून घेतली, ‘रॅफल्स १९१५’ नावाची. तिच्यात जुनिपरबरोबर (जिनला जिनपण देणारी बेरी) चमेली, पपनसाची साल, गवती चहा, मकरूट लिंबाची पानं, जायफळ, वेलची. यादी अर्धी आपल्या काढ्याची आणि अर्धी आपल्या श्रीखंडाची. जिन छानच असणार. पण स्लिंगमध्ये ती पडते ३० मिली आणि तिच्या अंगावर अननसाचा रस येतो १२० मिली. त्या गर्दीत चमेली शोधायची म्हणजे लग्नाच्या पंगतीत आतून आलेली हाक ऐकण्यासारखं आहे. अशी जिन नुसत्या सोड्यात प्यावी. स्लिंगला साधी, कोरडी लंडन ड्राय जिन पुरते, आणि शंभरीचा सत्कार करायचाच होता तर तो अननसाचा करायला हवा होता.

कारण या पेयाची अब्रू अननसाच्या हातात आहे. वरचा दोन बोटं फिकट गुलाबी फेस अंड्याच्या पांढऱ्याचा नाही. तो ताजा अननसाचा रस बर्फाबरोबर जोरात हलवल्यावर येतो. रॅफल्समध्ये त्यासाठी सारावाकच्या अननसाचं नाव घेतात. आपल्याकडे पूर्ण पिकलेला, देठाकडे वास येणारा कुठलाही चालेल. मिक्सरमधून काढायचा आणि साध्या गाळणीतून गाळायचा. फडक्यातून पिळून अगदी नितळ केला तर फेस कमी येतो, न गाळता घातला तर चोथा वर तरंगतो. डब्यातला रस हा शेवटचा उपाय. फेस बेताचा येतो आणि साखर मिसळलेली असेल तर सगळा तोल जातो.

बाकीचं माप असं: चेरी लिकर १५ मिली, क्वांत्रो (संत्र्याच्या सालीची लिकर) साडेसात, बेनेडिक्टीन साडेसात, लिंबाचा रस १५, ग्रेनेडीन १०, अँगोस्टुरा बिटर्सचा एक शिंतोडा. आपल्या पेगमापात साडेसातची खूण नसते, म्हणून चहाचा दीड चमचा धरावा, पाच मिलीचा. अंदाजपंचे ओतायला जाऊ नये, कारण बेनेडिक्टीन म्हणजे मध आणि औषधी मुळ्यांची दाट मोळी आहे. दुप्पट झालं की ग्लासाला खोकल्याच्या औषधाचा वास येतो. चेरीच्या बाटलीवर तर दोनदा नजर टाकावी. हवी ती लाल, गोड लिकर, हीरिंगसारखी. किर्श ही चेरीचीच, पण पाण्यासारखी पारदर्शक आणि बिनसाखरेची. ती पडली की रंगही जातो आणि गोडीही.

ग्रेनेडीनची गंमत अशी, की ते मुळात डाळिंबाचं. बाजारातल्या बऱ्याच बाटल्यांत साखर, आम्ल आणि रंग एवढंच असतं, डाळिंबाचा नुसता फोटो. सोलापूरची भगवी डाळिंबं हाताशी असताना ती बाटली आणणं म्हणजे कोकणात राहून टेट्रापॅकमधलं शहाळं पिणं. एक वाटी रस कोमट करायचा, तेवढीच साखर विरघळवायची, उकळी येऊ द्यायची नाही. उकळला की ताजेपणा जातो आणि चव जॅमकडे झुकते. फ्रिजमध्ये आठ-दहा दिवस टिकतो.

आता शेकर. तो बर्फाने पाऊण भरायचा, सगळं त्यात, ग्रेनेडीनसुद्धा. काही ठिकाणी ते शेवटी वरून सोडतात. दाट असल्यामुळे ते थेट तळाशी बसतं आणि पिणाऱ्याला आधी आंबट आणि शेवटी पाक मिळतो. बर्फ मोठा आणि कोरडा हवा. आधीच पाणी सुटलेला, चुरा झालेला बर्फ टाकला तर पेय गार होण्याआधी पातळ होतं. बारा ते पंधरा सेकंद, खांद्यातून जोर लावून. मग उंच ग्लासात नव्या बर्फावर गाळून ओतायचं, कडेला अननसाची फोड आणि चेरी. नुसतं चमच्याने ढवळलं तर चव साधारण तीच, पण फेस नाही. मग ते नुसतं गुलाबी सरबत.

गोड झालं ही सगळ्यात नेहमीची तक्रार. चार घटक गोड आणि आंबट एकटं लिंबू, तेव्हा ते ताजंच हवं. बाटलीतलं लाइम कॉर्डियल स्वतःच गोड असतं, ते घातलं की पाचवा गोडघाशा पंगतीला बसतो. आपलं कागदी लिंबू इथे उत्तम. अननस फार पिकला असेल तर पाच मिली जास्त पिळावं. बिटर्सचा शिंतोडा विसरला तर काय बिघडलं ते पटकन सांगता येत नाही, पण पेय मुकं लागतं.

मडमेच्या सरबताचा हिशोबही करून टाकू. जिन, क्वांत्रो, बेनेडिक्टीन चाळीस टक्क्यांच्या आसपास, चेरी लिकर चोविसाच्या. सगळं मिळून शुद्ध अल्कोहोल एकवीस-बावीस मिली. व्हिस्कीच्या ६० मिलीच्या लार्जमध्ये पंचवीसच्या आसपास असतं. म्हणजे हातात जवळजवळ एक लार्ज आहे, फक्त तो स्ट्रॉने आणि तहान लागल्यासारखा प्यायला जातो. दुसरा मागवताना हे आठवलं तर बरं.

रॅफल्सच्या लाँग बारमध्ये स्लिंगबरोबर भुईमुगाच्या शेंगा येतात, टेबलावर गोणपाटाच्या पिशवीत. खारट, भाजका दाणा त्या गोडीला नेमका उतारा ठरतो. आणि टरफलं जमिनीवरच टाकायची, हा तिथला रिवाज. रस्त्यावर कागदाचा कपटा टाकला तरी दंड करणाऱ्या शहरात पायाखाली टरफलांचा करकर आवाज करत लोक खुर्चीकडे जातात. लोकमान्यांनी शेंगा खाल्ल्या नव्हत्या म्हणून टरफलं उचलली नव्हती. इथे शेंगाही खातात आणि टरफलंही उचलत नाहीत.