१९६६ ची एमजीबी चालवायला शिकताना – माझा अनुभव

इंग्लंडात शेफील्डला राहायला आल्यापासून डोक्यात जुन्या ब्रिटिश टू-सीटरचा किडा वळवळत होता, शेवटी घेतलीच. १९६६ ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे एमजी कंपनीची उघड्या टपाची गाडी, १७९८ सीसी, एसयू कंपनीचे दोन कार्बोरेटर, चार गिअर आणि वर ओव्हरड्राइव्ह, म्हणजे त्याच वेगाला इंजिनचे फेरे कमी करणारा जोडगिअर. अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० ह्या काळात एमजीबी पाच लाखांवर बनल्या त्यामुळे पार्ट आजही सहज मिळतात, अख्खी नवी बॉडीशेलसुद्धा मिळते, आणि पगारी माणसाला झेपेल अशी क्लासिक म्हणजे हीच. इथे चाळीस वर्षांवरच्या गाडीला रोड टॅक्स शून्य आणि एमओटी (गाडीची वार्षिक तपासणी) पण सक्तीची नाही, तरी मी दरवर्षी करून घेते, कारण ब्रेक आणि खालचा पत्रा दुसऱ्या जाणत्या माणसाने तपासलेला बरा.

आता चालवण्याबद्दल. मी पुण्यात मारुतीवर शिकले आणि इथे हॅचबॅक चालवत होते, म्हणजे पॉवर स्टिअरिंग, एबीएस, सगळं आयतं. एमजीबीत ह्यातलं काही नाही. पण रागावून चालत नाही, ती तुमच्याकडून एकेक गोष्ट करवून घेते आणि ती जमली की जे वाटतं ना त्यासाठीच हा सगळा खटाटोप.

सुरुवात चावीपासून. इग्निशन ऑन केलं की मागून टकटक टकटक आवाज येतो, तो एसयूचा इलेक्ट्रिक पेट्रोल पंप, कार्बोरेटरचे फ्लोट चेंबर भरले की टकटक मंदावते, तोवर थांबायचं. मग चोक पूर्ण ओढायचा, अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावायचा नाही, आणि स्टार्टर. इंजिन धरलं की चोक हळूहळू आत ढकलत न्यायचा, उगाच बाहेर ठेवला तर प्लग काळे होतात आणि जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं. पाणी लवकर तापतं पण ऑइलला वेळ लागतो, म्हणून पहिली काही मैलं मी तीन हजार आरपीएमच्या खालीच राहते आणि ऑइल प्रेशरच्या काट्यावर एक डोळा असतो.

पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअर टाकताना चाकांचा वेग आपोआप जुळवणारी सोय) नाही, ते १९६७ च्या शेवटी मार्क टू, म्हणजे एमजीबीच्या पुढच्या आवृत्तीत आलं. उभ्या गाडीत सोपं आहे, आधी दुसऱ्या गिअरला टेकवायचं मग पहिला टाकायचा, खर्र होत नाही. पण चालत्या गाडीत, चढावर वेग पडला आणि पहिल्यात यायचंय, तेव्हा डबल क्लच लागतो. हे मला शिकवलं मामाने, फोनवर. मामा नाशिकला एसटीत ड्रायव्हर होता, कसारा घाटात आयुष्य गेलं त्याचं. म्हणाला, "अगं क्लच दाब, न्यूट्रल कर, क्लच सोड, थोडी रेस दे, परत क्लच दाबून खालचा टाक. लेलँडच्या बसवर आम्ही दिवसभर हेच करायचो." मी एका रिकाम्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये रविवारी सकाळी हेच करत बसायचे, रेस किती द्यायची ते कानाला कळायला लागलं आणि मग गिअर लोण्यासारखा जायला लागला. आता दुसरा-तिसरा टाकतानाही सवयीने तेच करते, गरज नसली तरी, सिंक्रो टिकतात आणि मजा येते हे खरं कारण.

ब्रेक पुढे डिस्क, मागे ड्रम, आणि सर्वो (पायाच्या जोराला मदत करणारा) नाही. म्हणजे पाय चांगला जोरात दाबावा लागतो, पण पेडलखाली नेमकं काय चाललंय ते पायाला कळतं. हायड्रॉलिकची एकच सर्किट आहे, कुठे गळलं की चारही चाकांचे ब्रेक जातात, म्हणून फ्लुइड वेळच्या वेळी बदलते आणि हँडब्रेक धड असल्याशिवाय निघत नाही. जुन्या गाड्यांच्या क्लबने एका जुन्या धावपट्टीवर सराव ठेवला होता, तिथे सत्तरीतले एक गृहस्थ शेजारी बसले आणि ओल्या डांबरावर मुद्दाम चाकं लॉक करायला लावली, मग सोड, दाब, सोड, दाब. चाक लॉक असताना स्टिअरिंग कितीही फिरवा गाडी सरळच जाते, सुटलं की लगेच वळते, हे वाचून माहीत होतं पण बुडाखाली जाणवणं वेगळंच.

त्याच दिवशी वळणं खऱ्या अर्थाने कळली. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, मागे सरळ एक्सल आणि पाटे. ब्रेक वळणाच्या आधी सरळ रेषेत संपवायचा, गिअरही आधीच टाकायचा, मग स्टिअरिंग एकदाच नीट वळवून धरायचं, आणि मध्यापासून हलकेच रेस वाढवत न्यायची. रेस दिली की वजन मागे बसतं आणि गाडी पुढच्या बाजूने थोडी बाहेर सरकते, पाय जरा कमी केला की नाक आत येतं, म्हणजे स्टिअरिंग तेवढंच ठेवून नुसत्या पायाने रेषा बदलता येते. पण पाय एकदम उचलायचा नाही, विशेषतः पावसात, मागचं एकदम हलकं होतं. चांगलं हे की टायर अरुंद आहेत, पकड सुटायला लागते ती हळूहळू आणि आधी सांगून, त्यामुळे चाळीस मैलांच्या वेगातसुद्धा भरपूर काही करायला मिळतं. आधुनिक गाडीत एवढं काही जाणवायला जो वेग लागतो तो रस्त्यावर करूच नये असा असतो, आणि मला वाटतं जुन्या गाडीचं सगळ्यात मोठं सुख हेच आहे.

माझा आवडता रस्ता स्नेक पास, शेफील्डच्या पश्चिमेचा घाटरस्ता. लेडीबावर जलाशय सोडला की झाडीतून चढ, मग वर मोकळं माळरान, आणि पलीकडे ग्लॉसपकडे उतार. इथे ओव्हरड्राइव्ह काय चीज आहे ते कळलं. हायवेवर त्याचा उपयोग माहीत होता, चौथ्यात ७० मैलांना जवळपास ३९०० आरपीएम असतात ते ३१०० वर येतात, कानाला आराम. पण ते तिसऱ्यातही चालतं, आणि तिसरा ओव्हरड्राइव्हसकट म्हणजे जवळजवळ चौथाच. म्हणजे डॅशवरचं बटण खाली-वर केलं की क्लचला हात, म्हणजे पाय, न लावता दोन गिअर मिळतात, एका वळणातून दुसऱ्यात जाताना एवढंच करत राहायचं, टॉप उघडा, मेंढ्यांचा वास, एक्झॉस्टचा तो जाडसर आवाज दगडी कुंपणावरून परत येतो... मी अक्षरशः मोठ्याने हसते कधीकधी.

उताराला मात्र मामाचाच नियम, ज्या गिअरात चढलीस त्याच गिअरात उतर. विनॅट्स पासवरून कॅसलटनला खाली येताना उतार २० टक्क्यांच्या वर आहे, वरूनच दुसरा टाकून येते आणि ब्रेक नुसता अधूनमधून. ड्रम तापले की पेडल बदलतं, ते होऊच द्यायचं नाही.

कोणी इथे इंग्लंडात घ्यायचा विचार करत असेल तर आधी एक दिवस भाड्याने घेऊन चालवा, गुडघे आणि कंबर मानतायत का बघा. घेताना इंजिनपेक्षा दोन्ही सिल बघा, हिला वेगळी चॅसी नाही, दाराखालच्या सिलवरच सगळा भार आहे, तिथे गंज असेल तर दार उघडताना-लावताना फटी बदललेल्या दिसतात. इंजिन कोणीही दुरुस्त करतं, सिलच्या वेल्डिंगचा खर्च मोठा. आणि हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकायला लागले की गाडी आत, मार्चमध्ये चांगले दोन-चार पाऊस होऊन रस्ते धुतले गेले की मगच बाहेर.