कार्डिगनच्या बाह्या आणि "उद्या या": माझा अनुभव

डिसेंबरात मावसभावाचा साखरपुडा होता, पन्हाळ्यावर, सकाळी नऊला. तिथं सकाळी चांगलंच गार असतं आणि ब्लेझर मला नको होता, म्हणून ऑनलाइन नेव्ही ब्लू कार्डिगन, म्हणजे पुढनं बटणांचा स्वेटर, मागवलं, पातळ लोकरीचं. खांद्याला एकदम बरोबर बसलं, बाह्या मात्र निम्म्या तळहातावर यायच्या. दोन इंच कमी करायच्या, एवढंच काम.

आमच्या भागातल्या एका अल्टरेशनवाल्याकडं दिलं. "परवा या." परवा गेलो तर "कारागीर गावाला गेलाय, उद्या या." उद्या गेलो तर कार्डिगनच सापडेना, वीस मिनिटं शोधल्यावर ढिगाखालनं निघालं, चुरगळलेलं, त्यावर चिठ्ठीसुद्धा नाही. चौथ्या खेपेला "झालं बघा" म्हणून हातात दिलं आणि माझं डोकंच फिरलं. पँट शिवावी तशी बाही कापून, आत दुमडून सरळ टीप मारलेली आणि मनगटाची रिबची, म्हणजे उभ्या रेघांच्या ताणणाऱ्या विणीची, पट्टी गायब! विणलेलं कापड ताणतं, सरळ टीप ताणत नाही, मी तिथंच हात घातला तर टाका तटकन तुटला आणि विणीची घरं उसवायला लागली. वर मलाच म्हणतो, "स्वेटरचं असंच असतंय." कात्रणाच्या पोत्यात हात घालून दोन्ही पट्ट्या मी स्वतः शोधल्या, पैसे दिले नाहीत आणि त्याचं मला अजून काही वाटत नाही.

शेवटी कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीकडच्या एका रफूवाल्या चाचांनी वाचवलं. त्यांनी उसवलेला भाग सरळ करून तीच पट्टी परत जोडली, ओव्हरलॉक (कडेला गुंडाळून येणारी, ताणली जाणारी शिलाई) करून, एका दिवसात. तेव्हा देतानाच सांगा, रिब काढून वरनं कमी करायचं आणि रिब परत लावायची. "येतंय काय?" असं आधी विचारा, नाही म्हटलं तर कपडा उचलून सरळ घरी या. आणि घेतानाच खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर येते का बघा, बाही दुरुस्त होते, खांदा होत नाही.

घातलं कसं, तर आत पांढरा ऑक्सफर्ड शर्ट, कॉलर आतच, शर्ट खोचलेला, कारण खालनं शर्टाचं टोक डोकावलं की सगळं गबाळं दिसतं. खाली बेज चिनोज, म्हणजे साधी सुती पँट. सगळ्यात खालचं बटण उघडं ठेवायचं, नाहीतर बसल्यावर पोटापाशी गोळा होतं. अकराला ऊन तापलं तशी सगळी बटणं काढली, तरी बरं दिसत होतं, म्हणून आपल्याकडं पातळच घ्या, जाड केबलवालं (दोरखंडासारखी पिळाची वीण असलेलं) कोल्हापुरात दुपारी अंगावर ठेववत नाही. रोजच्याला आत साधा गोल गळ्याचा टीशर्ट आणि जीन्स, त्यावर कोल्हापुरी चप्पल पण मस्त जाते. चेक्सचा शर्ट असेल तर कार्डिगन प्लेनच पाहिजे. कुर्त्यावर मी घालून बघितलं, खाली कुर्ता लोंबतो, नको.

धुताना गार पाणी, पिळायचं नाही, आणि हँगरला अजिबात लावू नका, खांद्याला टोकं येतात. टॉवेलवर आडवं वाळवा.

साखरपुड्यात मावशीनं दोनदा येऊन ते खालचं बटण लावलं. मी दोन्ही वेळा परत काढलं, फोटोत उघडंच आहे.