तुम्ही विचारलंत म्हणून: बारीक माणसाच्या रक्तात चरबी कुठून येते?

साताऱ्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी एकोणीस वर्षं रक्त घेते. रिपोर्ट न्यायला आलेले लोक वाढलेले आकडे बघतात आणि मला विचारतात, "ताई, मी काही जाड नाही. मग चरबी कशी वाढली?" खिडकीशी रांग असते, उत्तर अर्धंच राहतं. आज पूर्ण देते.

माझा दादा पाच फूट सहा इंच, वजन 62 किलो. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 22. तक्त्यात अगदी व्यवस्थित. चार वर्षांपूर्वी त्याचं रक्त मीच घेतलं. ट्यूब मशीनमध्ये फिरवली की वर येणारं सीरम एरवी फिकट पिवळं, नितळ असतं. त्याचं दूध मिसळल्यासारखं गढूळ होतं, बारा तासांच्या उपाशीपोटी. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तात फिरणारी चरबी, 380. ते 150च्या आत हवं. एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, 31. ट्यूब हातात धरून मी तशीच उभी राहिले. आमच्या अण्णांना पन्नाशीतच अटॅक आला होता आणि तेही असेच किडकिडीत होते.

संध्याकाळी घरी जाऊन दादाच्या कमरेला टेप लावली. "माझी पँट चौतीसची आहे," तो म्हणाला. पण पँट तो पोटाच्या खाली बांधतो. बेंबीच्या रेषेत, श्वास सोडल्यावर माप आलं 38 इंच, म्हणजे 96 सेंटिमीटरच्या वर. आपल्याकडे पुरुषांना 90 आणि बायकांना 80 सेंटिमीटर ही हद्द धरतात.

हातपाय काडीसारखे आणि चरबी सगळी पोटात, आतड्यांभोवती. ही चरबी स्वस्थ बसत नाही. तिच्यातून सुटणारी फॅटी अ‍ॅसिड्स थेट यकृताकडे जाणाऱ्या शिरेत उतरतात, यकृत त्यांचं ट्रायग्लिसराइड करून रक्तात सोडतं. ते वाढलं की एचडीएल घटतं आणि एलडीएलचे, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलचे, कण बारीक होतात, धमनीच्या भिंतीत सहज शिरतील इतके. वाढलेल्या वजनाचा रक्तातल्या चरबीशी संबंध आहेच. फक्त चरबी अंगात कुठे साठली आहे ते वजनकाट्याला कळत नाही.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे स्वतःवरूनच दाखवलं. 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला गेला. दोघांचाही बीएमआय 22.3. अंगातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळंही त्यांनी मोजली. सरासरी वजन 2.7 किलो, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा कितीतरी हलकी, तरी अंगावर चरबी धरून असलेली. हे वाचलं तेव्हा मला अण्णा आठवले.

दादाने काय केलं, तर आधी शेंगदाणे सोडले. पुष्कळ जण असंच करतात आणि मला फार वाईट वाटतं, कारण दुकानातला सात कप गोड चहा, सोबतची खारी आणि रात्रीचा ताटभर भात तसाच चालू राहतो. जास्तीच्या साखरेचं आणि पिठाचंही यकृत ट्रायग्लिसराइडच करतं. दारूने तर ते आणखी वाढतं.

मग चहा दोन कपांवर आला, भात मुठीएवढा. रोज पहाटे अजिंक्यताऱ्याचा चढ. आठ महिन्यांत वजन 58, कंबर 35 इंच, ट्रायग्लिसराइड 168. सीरम नितळ. मी त्याला लॅबमध्ये बोलावून ट्यूब दाखवली. एलडीएल मात्र 158 वरून 149 पर्यंतच उतरलं. ते ट्रायग्लिसराइडसारखं वजनाबरोबर भराभर खाली येत नाही, काही घरांत ते पिढीजातच असतं. डॉक्टरांनी गोळी दिली, ती तो न चुकता घेतो.

मागच्या महिन्यात तो मुलाला घेऊन आला. एकोणीस वर्षांचा, काडीपैलवान. सुई काढायच्या आधी मी टेप काढली.